पाळण्याआधीचा हिशेब

पालमला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. बांगड्या भरताना बाईचा हात माझ्या हातात असतो, आणि हात हातात असला की बाई मनातलं बोलते. नवऱ्याचं, सासूचं, पाठदुखीचं, सगळं निघतं. माझी लेक झाल्यापासून मात्र एक प्रश्न सारखा येतो. समोरची बाई इकडंतिकडं बघते, आवाज खाली घेते आणि विचारते, "ताई, टेस्ट ट्यूबला एकूण किती लागले?"

दुखलं का, भीती वाटली का, हे सहसा कुणी विचारत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. दुखणं वेळ आली की सोसता येतं, पैसा वेळ यायच्या आधी उभा करावा लागतो. पण दुकानात गर्दी असते, मागं दुसरी बाई हात पुढं करून उभी असते, तेव्हा मी काहीतरी आकडा सांगून मोकळी होते. तो आकडा खोटा नसतो, पण त्यानं कुणाचं भलं होईल असंही नाही. म्हणून हे सवडीनं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला तेव्हाही नीट म्हणता येत नव्हती. पैसा कुठं कुठं गेला, आणि कुठं आम्ही धडधडीत चुकलो, एवढं मात्र मी सांगू शकते.

तो दिवस

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती. त्या सहा वर्षांत काढे झाले, पुड्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून लांबलांबच्या वैद्यांकडं जाणं झालं. तो पैसा आम्ही कधी मोजला नाही, कारण तो थोडा थोडा गेला. एकत्र केला असता तर अर्धी वाट त्यातच झाली असती.

शेवटी परभणीच्या एका केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम शांत बाई. रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी सांगितलं, की माझ्या दोन्ही नळ्या बंद आहेत, औषधानं त्या उघडणार नाहीत, मूल हवं तर टेस्ट ट्यूब बेबी हाच रस्ता. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. सहा वर्षं लोक म्हणत होते हिच्यातच खोट आहे, आणि आता तेच कागदावर आलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

माझे मिस्टर, मन्मथ, शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मॅडमना खर्च विचारला. मॅडमनी एका कागदावर आकडा लिहून दिला, दीड लाखाच्या वरचा. यांनी तो बघितला आणि हैदराबादच्या बांगडीवाल्या व्यापाऱ्याला विचारतात तसं विचारलं, "मॅडम, यात काय काय धरलंय, आन् काय धरलेलं न्हाई?"

मॅडम हसल्या. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा फार कमी लोक विचारतात, असं म्हणाल्या. मग त्यांनी कागद परत घेतला आणि खाली लिहीत गेल्या. बाहेरच्या तपासण्या यात नाहीत. इंजेक्शनांचा खर्च अंगाला किती डोस लागेल त्यावर, म्हणजे तोही यात पक्का नाही. गर्भ गोठवून ठेवायचे झाले तर त्याचे वेगळे. पहिल्या वेळी यश नाही आलं तर दुसऱ्या वेळचे वेगळे. आकडा डोळ्यांदेखत फुगत गेला.

मला यांचा भयंकर राग आला. माझ्या आयुष्याचं असं झालंय आणि हा माणूस भाव काढत बसलाय. बाहेर येऊन बसस्टँडपर्यंत मी त्यांच्या पुढं पुढं चालत राहिले. टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले, ते तसेच गार झाले. मग ते म्हणाले, "सुवर्णा, मला रडता येत न्हाई. मला हिशेबच येतोय. तेवढा करू दे."

त्या एका वाक्यावर मी पुढची अडीच वर्षं काढली.

डबे

आमच्याकडं कशाची कमी असली तरी बांगड्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांची कमी नसते. यांनी त्यातले काही झाडून पुसून घेतले, आणि प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवली. तपासण्या. सुया. केंद्राची फी. येणंजाणं. दुकान बंद राहील त्या दिवसांचे. रोजच्या गल्ल्यातून काही ना काही या डब्यांत पडायचं, कधी शंभर, कधी वीस. श्रावणात आणि लग्नसराईत जास्त.

एका डब्यावर त्यांनी लिहिलं होतं, फूट. आमच्या धंद्यात हे प्रत्येकाला ठाऊक आहे. काचेचा माल लांबून येतो, वाटेत काही ना काही फुटतंच, म्हणून भाव ठरवताना फूट आधीच धरायची असते. जो फूट धरत नाही तो वर्षाच्या शेवटी बोंब मारतो. यांचं म्हणणं, दवाखान्यातही फूट असणारच. कुठली तपासणी दोनदा करावी लागेल, कधी बस चुकून मुक्काम पडेल. आणि खरंच, तोच डबा सगळ्यांत आधी रिकामा झाला. कुणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन. फूट धरा.

दोन गोष्टी आम्ही ठरवून टाकल्या. दुकानात माल भरायच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि दोनदाच करायचं, त्यापुढं नाही. दुसरी गोष्ट ठरवताना दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. पण मूल नाही झालं तरी आम्हाला जगायचं होतं, आणि आत्याबाईंना जगवायचं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

आत्याबाईंबद्दल सांगायला पाहिजे. सासरे लवकर गेले. मग ही बाई डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन खेडोपाडी फिरली आणि त्यातून दुकान उभं केलं. जीभ अशी, की गिऱ्हाईक भाव करायला घाबरतं. मूल होत नाही म्हणून मला एकदाही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या कुणी बोललं तर त्याची खैर नसायची. गावात एका घरी डोहाळजेवण होतं. हिरवा चुडा भरायला नेहमी दुकानातूनच कुणीतरी जातं. निरोप आला, सुनेला नको, म्हातारीला पाठवा. आत्याबाईंनी उलटा निरोप धाडला, माझे गुडघे दुखतात, येईल तर सून येईल, नाहीतर गंगाखेडहून बांगडीवाला बोलवा. गंगाखेडचा बांगडीवाला गाडीभाडं मागतो, हे त्या घराला माहीत होतं. मीच गेले, चुडा भरला आणि तिथं जेवूनही आले.

तर डब्यांचं काम चाललं होतं तेव्हा यांनी शेवटच्या डब्यावर पट्टी चिकटवली, नंतरचं. म्हणजे दिवस राहिल्यानंतरचं. आत्याबाई बाजूला बसून काकणं मापाप्रमाणं लावत होत्या. त्यांनी ते बघितलं, उठल्या, आणि पट्टी टराटरा ओढून काढली.

"पाळणा आधी आणू न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकराचा पत्ता न्हाई आन् तुमी त्याच्या खर्चाचं नाव घालायलाव?"

आमच्याकडं हे सगळेच पाळतात. बाळ जन्मायच्या आधी दुपटं शिवायचं नाही, झबलं आणायचं नाही, पाळण्याचं नाव काढायचं नाही. मिस्टर शिकलेले आहेत, मी बीए आहे, पण आम्ही दोघांनीही एका शब्दानं विरोध केला नाही. खरं म्हणजे आम्हाला बरंच वाटलं. नंतरच्या खर्चाचा विचार करणं म्हणजे आपण देवाला गृहीत धरतोय असं वाटायचं. डबा रिकामा राहिला, त्यात नंतर सेफ्टी पिना ठेवल्या.

आमचा सगळा हिशेब "पॉझिटिव्ह" या शब्दापाशी संपत होता. त्यापुढं एक रुपया धरलेला नव्हता.

करीमचाचांचा फ्रीज

इंजेक्शनं रोज एका ठरावीक वेळी घ्यायची, आणि ती थंड ठेवायची. आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता. दुकानाच्या शेजारी करीमचाचांचं ज्यूस सेंटर आहे. हे त्यांना म्हणाले, एक औषध ठेवायचं होतं. चाचांनी मोसंब्यांचा खण रिकामा करून दिला. कशाचं औषध, कुणाचं, काही विचारलं नाही. लाइट गेली की ते डबा बर्फाच्या पेटीत हलवायचे आणि दुकानाच्या फळीवरून ओरडून सांगायचे, "बेटा, दवा बरफ में रखा, फिकीर नको करू."

सुई टोचायला गल्लीतल्या निवृत्त सिस्टर यायच्या. रोज केंद्रात जाऊन टोचून घ्यायची म्हटली असती तर येण्याजाण्याचा डबा आठवड्यात संपला असता. त्यांना पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. शेवटी यांनी त्यांच्या मापाच्या बांगड्या काढून दिल्या, त्या मात्र घेतल्या. तेव्हा माझ्या पोटावर निळे डाग पडले होते, अंग फुगलं होतं, आणि समोर बाई आली की हसून तिचा हात दाबत बांगडी चढवायची. संध्याकाळी पाच वाजले की माझं लक्ष दाराकडं जायचं. रोज वाटायचं, आज सिस्टर येऊ नयेत. रोज त्या यायच्या. आज आठवलं की त्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा आवडतो.

केंद्रातल्या बाकावर सगळ्या जोड्या एकमेकांकडं न बघता बसतात. एकदा एक बाई माझ्या हातातल्या बांगड्या बघून म्हणाली, कुठून घेतल्या. मी म्हटलं, आमचंच दुकान आहे. त्यानंतर त्या बाकावर मी जेवढं बोलले तेवढं माहेरीही बोलले नव्हते.

पहिली वेळ

पहिल्या वेळी काही झालं नाही. मॅडमनी फोनवरच सांगितलं. मी दुकानात होते, समोर नवरीकडची माणसं होती, चुडा निवडणं चाललं होतं. मी फोन ठेवला, त्यांना अडीचच्या मापाचा चुडा काढून दिला, पैसे घेतले, आणि मग मागच्या खोलीत जाऊन मालाच्या खोक्यांमध्ये बसले. आत्याबाई आल्या. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

डबे सगळे रिकामे होते, फुटीच्या डब्यासकट. यांनी ते परत झाडले, परत फळीवर लावले. बाजारातल्या आम्हा बायकांची भिशी आहे. त्या वर्षी माझा नंबर शेवटून दुसरा होता. दोघीजणींनी आपणहून आपला नंबर मला दिला. एक म्हणाली, मला काय आत्ता नड नाही. मला माहीत होतं की तिच्या घराचे पत्रे बदलायचे होते. मी तिचे उपकार आजवर तोंडावर मानू शकले नाही, मानले तर ती चिडेल.

लग्नसराई गेली, श्रावण गेला, संक्रांतही गेली, आणि पहिल्या वेळच्या गोठवून ठेवलेल्या गर्भांवर आम्ही दुसऱ्यांदा गेलो. ही शेवटची वेळ, हे आमचं ठरलेलं होतं. या वेळी रिपोर्ट घ्यायला हे एकटे परभणीला गेले. संध्याकाळी एसटीतून उतरून सरळ दुकानात आले, गिऱ्हाईक असताना आले, आणि काउंटरच्या आत येऊन नुसते उभे राहिले. मला वाटलं संपलं. आत्याबाई म्हणाल्या, "मन्मथ, बोल की." तेव्हा त्यांनी मान हलवली, आडवी नाही, उभी.

गळती

आता आमची चूक.

दिवस राहिले आणि खर्च थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. तो तिथून सुरू झाला. गर्भ टिकावा म्हणून गोळ्या, इंजेक्शनं, दर थोड्या दिवसांनी सोनोग्राफी. एसटीचे धक्के चालणार नाहीत म्हणून दर वेळी जीप भाड्यानं. मी झोपून, म्हणजे दुकानात दोन हात कमी. आणि याचा कुठंही डबा नव्हता. वाईट गोष्ट अशी की हिशेबाचा माणूस असून यांनी हिशेब करणंच सोडलं. मोजलं तर नजर लागेल, अशी भीती त्यांनाही शिवली होती. गल्ल्यातून हात घालून न्यायचे आणि द्यायचे. असं करत करत श्रावणाच्या मालाचे पैसे गेले. ज्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, तेच गेले. नागपंचमीच्या तोंडावर आमच्या फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. हैदराबादच्या व्यापाऱ्यानं जुन्या ओळखीवर उधारीनं माल धाडला म्हणून दुकान भरलेलं दिसलं तरी.

आणि सातवा महिना सरता सरता माझ्या पोटात दुखायला लागलं. जीपमध्ये आत्याबाईंनी माझा हात धरला होता. वाटेतलं पिंगळी गाव मागं पडलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता होईल. त्या म्हणाल्या, "दम धर. परभणी आली."

मुलगी झाली. मुठीएवढी. एकदाच बारीकसं रडली आणि तिला माझ्यापासून काढून लहान मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीचं रोजचं भाडं यांनी विचारलं तेव्हा, आत्याबाई सांगतात, ते भिंतीला टेकून खाली बसले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिथले डॉक्टर आमच्याशी स्पष्ट बोलले. त्यांचा मी आयुष्यभर आदर करेन. ते म्हणाले, मुलीची तब्येत आता हलवण्यासारखी आहे. तिला अजून कित्येक आठवडे पेटीत राहावं लागेल. सरकारी दवाखान्यात नवजात बाळांचा विभाग आहे, तिथंही हीच पेटी आहे, हीच काळजी घेतात, आणि पैसे लागत नाहीत. मी चिठ्ठी देतो.

हे तयार होईनात. माझ्या खाटेपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "एवढं सगळं करून आणलीय तिला. होतं नव्हतं ते घालून आणलीय. आन् आता शेवटाला सरकारीत न्यायचं? लोक काय म्हणतील, पैसा सरला म्हणून लेकरू टाकलं?"

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. माझ्याही मनात तेच होतं, महागाचं लेकरू महागाच्याच जागी पाहिजे. मी काही बोलणार तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मन्मथ, तिला काय म्हाईत ती कितीला पडली ते? तिला ऊब पायजे. ऊब जिथं हाय तिथं ने."

त्याच दुपारी तिला हलवलं.

ऊब

त्या विभागाच्या दारात पहिली गोष्ट सिस्टरांनी सांगितली, हातातलं सगळं काढा. बांगड्या, घड्याळ, अंगठी, कोपरापर्यंत हात मोकळे, मग साबणानं धुवा. बांगड्यांमध्ये जंतू बसतात. मी बांगडीवाल्यांची सून, लग्न झाल्यापासून माझे हात कधी रिकामे राहिले नव्हते. एक एक काढून मी आत्याबाईंच्या ओंजळीत दिल्या. सवाष्णीचा हात मोकळा बघायची त्यांना सवय नव्हती, त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. आत गेले तर प्रत्येक आईचे हात तसेच मोकळे. कोण कुठली, कुणाची ऐपत काय, काही कळत नव्हतं. मला तिथं एकदम हलकं वाटलं.

दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यायचं, ते नळीनं तिच्या पोटात जायचं. कधी चमचाभरच निघायचं. शेजारची आई मला म्हणायची, रडू नको, रडलं की दूध आटतं, आणि स्वतः रडायची. आम्ही तिथं भात-वरण वाटून खाल्लं, एकमेकींचे कपडे धुतले. त्या बायकांचे चेहरे मला माझ्या बहिणींइतके आठवतात.

वजन थोडं वाढलं तसं सिस्टरांनी सांगितलं, बाळाला आता उघड्या छातीशी धरून बसायचं, कातडीला कातडी लावून. आईनं, आणि वडिलांनीही. हे ऐकून यांचे कान लाल झाले. सगळ्या बायकांसमोर शर्ट काढायचा. काढला. आम्ही लिंगायत, यांच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग आहे, ते अंगावेगळं करत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, ते टोचेल बाळाला, काढा. हे म्हणाले, तेवढं नका सांगू. सिस्टर हट्टी, हे त्याहून हट्टी. शेवटी सिस्टरांनीच ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पाठीमागं सरकवलं आणि वर टॉवेल टाकला. मग आमची मुठीएवढी लेक त्यांच्या छातीवर ठेवली.

ते हललेच नाहीत. तास झाला, पाठ अवघडली असेल, पण हललेच नाहीत. थोड्या वेळानं मी बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हनुवटीवरून टॉवेलवर पडत होतं. मला रडता येत नाही म्हणणारा माणूस.

पावसाळा संपताना आम्ही तिला घरी आणलं. नाव शिवानी ठेवलं.

विचारणाऱ्या बाईला

तर ताई, किती लागले याचं खरं उत्तर असं. केंद्राच्या कागदावर जो पहिला आकडा येईल, तो अर्धाच समज. यात काय धरलेलं नाही, हे विचारल्याशिवाय खुर्चीतून उठू नकोस. फूट धर. किती वेळा करायचं हे आधीच ठरव, दोघंही धडधाकट असताना ठरव, कारण बाकावर बसल्यावर माणूस घरही विकतो. ज्या पैशावर तुमची रोजची भाकरी आहे, तो वेगळा काढ आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ठेव. आमचा आमच्याच हातात होता, म्हणून गेला. आणि सरकारी दवाखान्याचं दार आधीच बघून ये. तिथं जाणं म्हणजे हरणं नाही.

नंतरच्या खर्चाचं मी आत्याबाईंनाच विचारलं, पाळणा आधी आणू नये आणि पैसा तर लागतोच, मग बाईनं करायचं काय. आपण पट्टी फाडली हे त्या विसरलेल्या नाहीत, पण तसं बोलून दाखवणाऱ्या त्या नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "डबा भरायचा. नाव न्हाई घालायचं त्याच्यावर." यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

एक राहिलं होतं

शिवानी वर्षाची झाली तेव्हा केंद्रातून फोन आला. आमचा एक गर्भ तिथं अजून गोठवलेला होता. ठेवायचा असेल तर वर्षाची फी भरा, नसेल तर तो काढून टाकायच्या कागदावर येऊन सही करा. आम्ही दोघं पार विसरून गेलो होतो. निदान मी तरी.

आमचं ठरलं होतं दोनदाच, आणि देवानं झोळीत घातलं होतं. मॅडमनीही सांगितलं होतं की माझ्या अंगाला परत झेपणार नाही. मी म्हटलं, सही करून येऊ. हे म्हणाले, या वर्षी भरू, फी काय फार नाही. हैदराबादची उधारी अजून फिटायची होती, तरी भरली. पुढच्या वर्षी परत फोन आला, परत म्हणाले भरू. मी यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पैसे काढून दिले. तिसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा ते आपणहून म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

शिवानीला घेऊन गेलो. ती त्या बाकावर चपला घालूनच उभी राहिली आणि पंख्याकडं बघायला लागली. मॅडमनी तिचा गालगुच्चा घेतला. कागद पुढं ठेवला. मी सही केली. यांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. मग मॅडमना विचारलं, "त्याला काई त्रास होत न्हाई ना?"

मॅडमनी एकदा शिवानीकडं बघितलं. मग म्हणाल्या, नाही, काहीही होत नाही.

यांनी सही केली. बाहेर आल्यावर पॅसेजच्या टोकाला एक बंद दार होतं, आत जायला मनाई असलेलं. त्याच्या आत गोठवलेले गर्भ ठेवतात, हे आम्हाला माहीत होतं. हे त्या दारासमोर थांबले, शिवानीला माझ्याकडं दिलं, आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. ये-जा करणारे बघत होते. मग शिवानीला भूक लागली आणि आम्ही निघालो.